आधी दिवा, मग कापड, मग भिंत : फ्लॅटमध्ये जळका केशरी रंग आणताना

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नव्या फ्लॅटचा ताबा मिळतो तेव्हा आत बहुतेक वेळा एकच चित्र असतं. पांढऱ्या भिंती, दोन बाय दोनच्या क्रीम व्हिट्रिफाइड लाद्या, हॉलच्या छताला पंख्याचा हूक आणि एका भिंतीवर ट्यूबचा पॉइंट. घोडबंदर रोडला तेच, उलव्यालाही तेच. मग घराला जरा ऊब यावी म्हणून कुणीतरी फोनवर गडद, जळक्या केशरी भिंतीचा फोटो दाखवतं, तो सगळ्यांना आवडतो आणि रविवारी मंडळी थेट रंगाच्या दुकानात पोचतात.

घाई इथेच होते. भिंत ही या कामातली शेवटची पायरी आहे. पडदा आवडला नाही तर तो उतरवायला दहा मिनिटं लागतात, दिवा बदलायला एक. गडद केशरी भिंत परत पांढरी करायची म्हणजे मात्र घासकाम, प्रायमर, वर दोन-तीन हात, घरभर धूळ आणि पेंटरच्या न पाळलेल्या तारखा. म्हणून जे सहज फिरवता येतं ते आधी करून बघायचं आणि जे फिरवणं महागात पडतं ते शेवटी. आधी दिवा, मग कापड, मग भिंत. घर ११ महिन्यांच्या करारावर असेल तर पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबा. तेवढ्यानेही खोली ओळखू येणार नाही इतकी बदलते.

शेड ठरवताना

दुकानात नुसतं ‘ऑरेंज’ म्हणालात तर समोरचा एखादा झगझगीत नारिंगी काढून दाखवील. आपल्याला हवा आहे तो तपकिरीकडे झुकलेला केशरी. कोकणातला जांभा, नौपाड्यातल्या जुन्या घरांवर अजून कुठेकुठे टिकून असलेली कौलं, भट्टीतून निघालेली वीट, गेरू, हे सगळे त्याच घराण्यातले. सगळ्यांच्या अंगात रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. पिवळी माती भाजली की तिच्यातलं पाणी निघून जातं आणि ती तांबूस होते; जितकी भाजावी तितकी गडद. हे सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. लोहाच्या ऑक्साइडवर आधारलेले रंग उन्हात सहसा विटत नाहीत. झगझगीत नारिंगीत सेंद्रिय रंगद्रव्यांचं प्रमाण जास्त असतं आणि ती कडक उन्हाच्या माऱ्याने लवकर फिकी पडू शकतात. तेव्हा दोन शेडमध्ये अडलात तर जास्त मातकट आहे तो घ्या.

शेड कार्डवर एकाच पट्टीत फिक्यापासून गडदपर्यंत पाच-सहा चौकोन असतात. तुम्हाला आवडलेला चौकोन मधला असला तरी नजर त्या पट्टीतल्या सर्वांत गडद चौकोनावर टाका. तो चॉकलेटी दिसत असेल तर तुमचा शेड भिंतीवर तपकिरी-केशरीच राहील. तो किरमिजी किंवा गुलाबीकडे जात असेल तर मोठ्या भिंतीवर तो गुलाबीपणा वर येणार. पिवळ्याकडे झुकणारा असेल तर घरातली ज्येष्ठ मंडळी पहिल्याच दिवशी “मठ केलात की काय घराचा?” असं विचारतील, आणि त्यांचं फारसं चुकलेलं नसेल.

बर्न्ट ऑरेंज, रस्ट, टेराकोटा, कॉपर ही नावं प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने देते. एका कंपनीचा टेराकोटा दुसरीच्या टेराकोटाशी जुळेलच असं नाही. नाव विसरलात तरी चालेल, कोड लिहून ठेवा.

पहिली पायरी : दिवा

रंगाची बाटलीसुद्धा आणायच्या आधी घरातले बल्ब बघा. आपल्याकडे घरोघरी ‘कूल डेलाइट’ म्हणजे ६५०० केल्विनच्या एलईडी पट्ट्या लावलेल्या असतात. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. हा प्रकाश निळसर पांढरा असतो आणि रंगचक्रात निळा हा केशरीच्या बरोबर समोर येतो. साहजिकच या उजेडात जळका केशरी मरगळतो, राखाडी-मातकट दिसतो. दुकानात छान वाटलेली उशी घरी आणल्यावर “अरे, हा रंग नव्हता घेतला” असं वाटतं त्यामागे बहुतेक वेळा हीच ट्यूब असते.

२७०० ते ३००० केल्विनचा, खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेला बल्ब आणून एका स्टँडिंग लॅम्पला लावा आणि रात्री तीच उशी त्याच्याखाली धरा. फरक शब्दांत सांगायची गरज उरत नाही.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं ते माप. बाजारातल्या सामान्य बल्बचा ८० च्या आसपास असतो. हॉलसाठी ९० च्या पुढचा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. बारकाईने घेणाऱ्यांनी आर-९ हा आकडासुद्धा विचारावा. सीआरआयचा मुख्य आकडा आठ फिकट रंगांवरून काढतात, त्यात गडद लाल धरलेला नसतो. तो आर-९ मध्ये वेगळा मोजतात. आपल्या रंगात लालसरपणा भरपूर असल्यामुळे तो आकडा आपल्या कामाचा. दुकानदाराला माहीत नसेल, पण खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात कधीकधी सापडतो.

सगळं घर पिवळसर करून टाकू नका. आजोबांना पेपर वाचायचा असतो, मुलांचा अभ्यास असतो, ओट्यावर भाजी निवडायची असते. अशा जागी ४००० केल्विनचा दिवा बरा. मात्र एकाच भिंतीवर दोन जातींचे उजेड पडू देऊ नका. अर्धी भिंत विटकरी आणि अर्धी चिखलासारखी दिसते, आणि त्याचं खापर बिचाऱ्या पेंटरवर फुटतं.

खिडकीतून येणारा उजेड

तुमच्या घराचं तोंड कुठे आहे यावर पुष्कळ ठरतं. ठाण्यात येऊरच्या डोंगराकडे तोंड असलेली घरं पश्चिमेची. वाशी, कोपरखैरणे, ऐरोलीत खाडी दिसते म्हणून ज्या फ्लॅटला जास्त भाव द्यावा लागतो तीही पश्चिमेचीच. अशा हॉलमध्ये संध्याकाळी चारनंतर ऊन आडवं आत येतं आणि त्या उन्हात केशरी भिंत पेटल्यासारखी दिसते. डिसेंबरात ते सुंदर वाटतं, मे महिन्यात नकोसं होतं. खोली प्रत्यक्षात तेवढीच गरम असते, पण डोळ्यांना जास्त गरम वाटते. पश्चिमेच्या घरात हा रंग उन्हाच्या थेट झोतात येणाऱ्या भिंतीवर देऊ नका. खिडकीच्या भिंतीला काटकोनात असलेल्या भिंतीवर द्या.

उत्तरेच्या उजेडात हाच रंग थंडावतो आणि तपकिरी दिसू लागतो. तिथे एक शेड उजळ घ्यावी. पूर्वेच्या घरात सकाळी छान, दुपारनंतर शांत. समोरच्या टॉवरची भिंत वीस फुटांवर असेल तर दिशेचा हिशेब सोडून द्या. तुमच्या घरात समोरच्या भिंतीचाच रंग परावर्तित होऊन येतो.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ करडं असतं आणि घरात दुपारी बारालाही दिवा लागतो. शेड ठरवायचा तो एखाद्या ढगाळ दिवशीही बघून ठरवा. वर्षाचे चार महिने तुम्ही त्याच उजेडात राहणार आहात.

दुसरी पायरी : कापड

हा भाग सगळ्यांत मजेचा, आणि नवख्या माणसाने इथेच जास्त रमावं असं मला वाटतं.

सुरुवात सोफ्यापासून करा. सोफा करडा, बेज किंवा गडद निळा असेल तर दोनच उशा जळक्या केशरी घ्या आणि त्यांच्यासोबत एक नक्षीची. आपल्याकडच्या तयार अभ्र्यांचं सर्रास माप १६ बाय १६ इंच असतं. मोठ्या परदेशी साखळी दुकानांत मात्र ५० बाय ५० सेंटिमीटरचं मिळतं, म्हणजे जवळजवळ २० इंच. घरातल्या उश्या मोजून मगच अभ्रे घ्या, नाहीतर कोपरे लोंबत राहतात.

नक्षीसाठी अजरखसारखं कापड नाही. कच्छमधल्या या छपाईत पारंपरिक पद्धतीने निळा रंग निळीपासून आणि तांबडा मंजिष्ठेपासून येतो. केशरी-तांबडा आणि निळा हे एकमेकांसमोरचे रंग त्यात शेकडो वर्षांच्या हातांनी आधीच जुळवून ठेवलेले आहेत. आपण फक्त ते सोफ्यावर टाकायचं. घरातला कोणता निळा या केशरीबरोबर जाईल हे कळत नसेल तर अजरखचा तुकडा दुकानात बरोबर न्या. आपल्या घरचंच काही हवं असेल तर खण घ्या. गडद विटकरी खणाला काठ असतात, ते उशीच्या मधोमध आडवे न घेता एका बाजूला उभे घेतले की खणाची चोळी आठवत नाही. आईची किंवा सासूबाईंची जुनी इरकल कपाटात पडून असेल तर तिचा पडदा छान होतो, मात्र आधी विचारून. कापायला सगळ्याच तयार होतात असं नाही.

जमिनीवर काळी-तपकिरी घोंगडी टाकून बघा. मेंढीच्या लोकरीचा तो न रंगवलेला काळा रंग केशरीला जमिनीवर धरून ठेवतो, आणि क्रीम लाद्यांचा गुळगुळीतपणाही मोडतो. नवी घोंगडी सुरुवातीला टोचते आणि तिचा लोकरीचा वास येतो. काही दिवस सावलीत वाऱ्यावर टाकली की कमी होतो. पावसाळ्यात तिच्याखाली ओल राहू देऊ नका.

पडद्यांचं गणित वेगळं आहे. पूर्ण केशरी पडदे लावले की दिवसा ऊन त्यांच्यातून गाळून येतं आणि अख्खी खोली, माणसांचे चेहरे, वाटीतलं ताक, सगळं नारिंगी दिसतं. खिडकीला मांजरपाट किंवा फिकट लिननचा पडदा लावा आणि केशरी फक्त बाजूच्या जाड पडद्यांना ठेवा, तेही अस्तर लावून. अस्तरामुळे उन्हाने कापड विटणं लांबतं. मखमली पडदे फोटोत देखणे दिसतात. खाडीकाठच्या दमट हवेत, बंद घरात त्यांना बुरशीचा वास धरतो. माझी पसंती जाड सुती कापडालाच.

रंगीत सुती कापड विकत घेण्यापूर्वी पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यावर जोरात चोळून बघा. रुमालाला केशरी डाग आला तर ते कापड फिकट सोफ्यावर टाकू नका आणि धुताना वेगळं धुवा. एसीच्या थेंबाने किंवा घामट पाठीने बेज सोफ्यावर उमटलेला केशरी ठसा सहजी जात नाही.

सीबीडी बेलापूरला सिडकोच्या अर्बन हाटमध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या हातमागाची आणि हस्तकलेची प्रदर्शनं भरतात. असं कापड हातात धरून, उन्हात नेऊन घ्यावं. ऑनलाइन फोटोतला रस्ट घरी आल्यावर कधी गाजरी निघतो, कधी कॉफी.

इथवर आल्यावर निदान महिनाभर थांबा. एवढ्यात पुरे वाटलं तर भिंतीचे पैसे वाचले.

तिसरी पायरी : भिंत

आधी कोणती भिंत ते ठरवू. लहान हॉलमध्ये एकच. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये चारही भिंती गडद केल्या की उजेड गिळला जातो आणि दिवसाही दिवे लावावे लागतात. सहसा सोफ्यामागची भिंत बरी पडते. टीव्हीमागे हा रंग मला आवडत नाही. चमकत्या पडद्याभोवती इतका तीव्र रंग डोळ्यांना टोचतो आणि वायरी, सेट टॉप बॉक्स, राउटर हे सगळं त्यावर उठून दिसतं. दार उघडल्यावर समोर दिसणारी छोटी पॅसेजची भिंत ही उत्तम जागा. तिथे कुणी तासन्‌तास बसत नाही, त्यामुळे गडद रंगाचा कंटाळा येत नाही.

आता ओल. आपल्या भागात हा प्रश्न सोडून रंगाचं बोलता येत नाही. नैर्ऋत्येचा पाऊस आडवा झोडपतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती पाणी पितात. ओल्या भिंतीतून पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि पृष्ठभागावर पांढरी पावडर फुलते, म्हणजे भिंतीला लोणा लागतो. पांढऱ्या भिंतीवर तो वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. जळक्या केशरीवर पहिल्याच पावसाळ्यात पांढरे डाग हॉलच्या दारातून दिसतात. म्हणून हा रंग शक्यतो घराच्या आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीवर द्यावा. त्यातही पलीकडे बाथरूम नाही ना, हे बघा. हॉल आणि कॉमन बाथरूम यांच्या मधली भिंत कोरडी दिसली तरी आतून ओलसर असू शकते.

तपासायची सोपी रीत अशी. दीड फूट बाय दीड फुटाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. फट राहू देऊ नका. एक दिवस आणि एक रात्र तसाच ठेवा. काढताना भिंतीकडच्या बाजूला बारीक थेंब दिसले किंवा तेवढा चौकोन आजूबाजूपेक्षा गडद झाला असेल तर भिंतीत ओल आहे. आधी गळती शोधा; रंगाचं नंतर. ही तपासणी पावसाळ्याच्या शेवटी केली तर निकाल खरा मिळतो. फेब्रुवारीत सगळ्याच भिंती कोरड्या असतात.

भिंत पास झाली की नमुना. कंपन्या छोट्या डब्यात नमुन्याचा रंग देतात. तो थेट भिंतीवर फासण्यापेक्षा जाड पुठ्ठ्यावर किंवा दोन फुटी प्लायच्या तुकड्यावर दोन हात मारा, कडेला दोन बोटं पांढरी पट्टी सोडा आणि तो तुकडा खोलीत फिरवा. खाली लादीला टेकवून, पडद्याशेजारी धरून, सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री बल्बखाली. लादीला टेकवणं विसरू नका. बिल्डरच्या क्रीम लाद्या काही ठिकाणी पिवळसर असतात, काही ठिकाणी किंचित गुलाबी, आणि गुलाबी लादीवर लालसर शेड हटकून बिघडतो. सिडकोच्या जुन्या इमारतींत मोझॅक लाद्या असतील तर नशीबवान आहात. त्यातल्या तांबूस-तपकिरी खड्यांपैकी एखाद्याच्या जवळचा शेड निवडा, लादी आणि भिंत आपोआप एका सुरात येतील.

घरात वास्तू मानत असतील तर आग्नेयेचा मुद्दा निघेलच. वास्तुवाले केशरी-तांबडे रंग अग्नीच्या कोपऱ्याशी जोडतात. तिथली भिंत कोरडी असेल आणि उजेडाला बसत असेल तर आनंदाने द्या, घरातला एक वाद मिटतो.

पेंटरशी बोलताना

“वहिनी, दोन हातात बसतोय बघा,” असं पेंटर म्हणेल. बसत नाही. केशरी, पिवळ्या आणि लाल शेडमधल्या बऱ्याच रंगद्रव्यांची झाकण्याची ताकद मुळात कमी. त्यात गडद शेड ज्या बेसमध्ये, म्हणजे रंगद्रव्य मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, बनतात त्यात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड नावाला असतं, आणि झाकायचं काम तर तेच करतं. पांढऱ्या प्रायमरवर दोन हात मारलेला गडद केशरी दिवसा ठीक दिसतो, रात्री बाजूने दिवा लागला की रोलरचे पट्टे दिसतात. दोन उपाय आहेत. एक, सरळ तीन हात ठरवून घ्या आणि तसं दरातच बोला. दोन, प्रायमरमध्ये थोडा तपकिरी किंवा त्याच घराण्यातला स्टेनर, म्हणजे बाटलीतलं घट्ट रंगद्रव्य, मिसळून खालचा थर रंगीत करून घ्या. दोन्ही केलं तर उत्तम.

किती रंग लागेल याचा अंदाज सोपा आहे. दहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच भिंत म्हणजे ९५ चौरस फूट. पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीवर एका हाताला लिटरमागे साधारण १०० ते १२० चौरस फूट धरून चाला. तीन हातांना तीन लिटरच्या आत-बाहेर लागेल. सगळा रंग एकाच वेळी मशीनवर बनवून घ्या. पुन्हा जाऊन आणलेला लिटरभर त्याच कोडचा असला तरी गडद शेडमध्ये केसभर फरक पडतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो. दोन डबे घेतले असतील तर पेंटरला ते एका बादलीत एकत्र करून मगच सुरू करायला सांगा.

फिनिश मॅटच घ्या. चकचकीत रंगावर पुट्टीचे सगळे चढउतार दिसतात, आणि हा रंग मुळात मातीचा, तो चमकला की प्लॅस्टिकसारखा वाटतो. मॅटची एक खोड आहे: ओल्या फडक्याने घासलं की तिथे चमकदार ठिपका उमटतो. लहान मुलं असतील तर खुर्चीच्या पाठीच्या उंचीपर्यंत किंचित चमकेचा सॅटिन आणि वर मॅट, असं करता येतं. ऑइल बाउंड डिस्टेंपर या भिंतीच्या स्वस्त रंगात इतके गडद शेड सहसा मिळतच नाहीत, त्यामुळे इमल्शनच लागेल.

कामाचे दिवस पाऊस ओसरल्यानंतरचे धरा, ऑक्टोबरपासून पुढे. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस पेंटर कुणाच्याच हाती लागत नाहीत, तेव्हा एक तर नवरात्राच्या आधी बोलून ठेवा नाहीतर सरळ डिसेंबर घ्या. नवं प्लास्टर केलं असेल तर त्याला किमान २८ दिवस मुरू द्या. सोसायटीच्या कामाच्या वेळा, सर्व्हिस लिफ्ट आणि डिपॉझिट यांची चौकशी आधी केलेली बरी. घासकामाची धूळ लॉबीत गेली की पहिली तक्रार शेजारच्या काकूंचीच येते.

एक गोष्ट जुन्या घरांसाठी. पूर्वीच्या नारिंगी आणि पिवळ्या ऑइल पेंटमध्ये शिशाची रंगद्रव्यं सर्रास असत. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्यामुळे वाशी-नेरुळच्या किंवा ठाण्यातल्या जुन्या घरातली ग्रिल आणि दारं घासताना कोरडं घासू देऊ नका. वॉटर पेपरने ओलं घासायचं, खाली कागद अंथरायचा, आणि लहान मुलं व गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी.

भिंतीला हात न लावता गेरू

भाड्याच्या घरासाठी आणि धीर न होणाऱ्यांसाठी हा माझा आवडता मार्ग. गेरू आपल्याकडे दिवाळीत रांगोळीखाली लावतात, कुंड्यांना लावतात, तुळशीवृंदावनाला लावतात. जांभळी नाक्याच्या बाजारात पूजेच्या सामानाच्या दुकानांत तो मिळतो आणि किंमत किरकोळ असते.

दोन बाय तीन फुटांची लाकडी चौकट करून तिच्यावर जाड मांजरपाट ताणून बसवा. गेरूची पावडर बारीक चाळणीने चाळा, कारण खडे राहिले की कापडावर ओरखडे येतात. वाटीभर गेरू पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी वरचं पाणी ओतून टाका आणि तीन-चार चमचे फेव्हिकॉल घालून ताकाइतका पातळ करा. रुंद ब्रशने पहिला हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. ओला असताना तो गडद तपकिरी दिसतो, घाबरू नका, वाळला की उजळतो. दोन दिवसांनी बोट घासून बघा. बोटाला लागत असेल तर फेव्हिकॉलचं पाणी करून वरून एक हात द्या.

असा मांजरपाट नुसताही छान दिसतो. त्यावर पांढऱ्याने काढायचं असेल तर वारली आहेच. त्या चित्रांची मूळ जमीन शेणामातीची, वर गेरू, आणि चित्र तांदळाच्या पिठाचं, बांबूची काडी ठेचून केलेल्या कुंचल्याने. डहाणू-तलासरीचा तो मुलूख १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. भिंतीवरची ही चित्रं कागदा-कापडावर आणून जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. स्वतः काढणार असाल तर तांदळाच्या पिठाऐवजी पांढरा ॲक्रिलिक वापरा; पिठावर पावसाळ्यात बुरशी येते आणि झुरळांनाही ते आवडतं. स्वतःला जमत नसेल तर वारली कलाकाराकडून चित्र विकत घ्या आणि भाव करू नका.

बाजूला काय ठेवावं

पितळ या रंगाशेजारी सोन्यासारखं दिसतं. आजीचं घंगाळ, जुनी समई, पितळी डबे, जे असेल ते काढा. खाडीच्या हवेत पितळ लवकर काळवंडतं, तेव्हा चिंच किंवा पितांबरी महिन्यातून एकदा हवीच. सागवानी फर्निचर असेल तर एक काळजी घ्या: सागाचा सोनेरी तपकिरी आणि भिंतीचा केशरी एकमेकांत मिसळून जातात आणि कपाट भिंतीत हरवतं. मध्ये पांढरा किंवा काळा काहीतरी यायला हवा, फ्रेम, दिवा, कपड्याची पट्टी, काहीही. काळसर शिसवी लाकडाला ही अडचण येत नाही.

हिरवं भरपूर चालतं. रबर प्लांटची गडद पानं, स्नेक प्लांट, मनी प्लांट. कुंड्या मातीच्याच असतील तर भिंतीला भिडवून ठेवू नका, रंगात रंग जातो आणि कुंडीतली ओल भिंतीला लागते. छत पांढरंच ठेवा. उरलेल्या तीन भिंतींना मात्र बर्फासारखा पांढरा देऊ नका, किंचित सायीकडे झुकणारा द्या, नाहीतर केशरी भिंत चिकटवल्यासारखी वेगळी पडते.

स्वयंपाकघरात हा रंग शटरच्या लॅमिनेटमध्ये किंवा ओट्यामागच्या टाइल्समध्ये आणा, भिंतीवर नको. फोडणीचे शिंतोडे मॅट रंगावरून निघत नाहीत. बाथरूममध्ये एखादी टाइलची ओळ पुरे. बेडरूममध्ये पलंगामागची भिंत चालते, फक्त शेड एक पायरी गडद आणि दिवा मंद हवा. मुलांच्या खोलीत सहसा देत नाही. तिथे आधीच इतके रंग असतात.

नंतरची देखभाल

भिंत झाल्यावर किमान पंधरा दिवस तिला ओलं फडकं लावू नका. पुढे धूळ कोरड्या मऊ झाडणीने काढायची. गडद रंगावर धूळ लवकर दिसते, आणि मेट्रोची, टॉवरची, रस्त्याची कामं चालू असलेल्या भागात ती रोज येते.

उरलेला रंग डब्यात ठेवू नका. डब्यात हवा राहिली की वर साय धरते. स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि वर कंपनी, कोड, बेसचं नाव आणि महिना-वर्ष लिहा. पहिल्या काही महिन्यांत खिळ्याचं भोक किंवा ओरखडा त्यातून छोट्या ब्रशने बुजवता येतो, तोही बोटाने थोपटत, फासत नाही. वर्षभरानंतर तसं ठिगळ दिसतं, कारण भिंतीचा रंग तोवर थोडा मुरलेला असतो. तेव्हा ठिगळ न लावता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात द्यावा लागतो, आणि त्यासाठी साधारण एक लिटर पुरतो.